आमची वाटचाल : एप्रिलातला समुद्र

बेळगाव ते वेंगुर्ले सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी. आमचा सहलींचा धंदा या एकाच रस्त्यावर चालतो: सतरा सीटची गाडी, तीन-चार घरची माणसं, दोन मुक्काम.

सुरुवातीला गाड्या मेमध्येच सुटायच्या, कारण कोल्हापूर-पुण्याची मावस-आते भावंडं तेव्हाच मोकळी. पण कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मेअखेरीस भरतात. महाराष्ट्राची सुट्टी लागते ती मेच्या तोंडावर. मधल्या आठवड्यांत किनारा मोकळा असतो आणि खोलीवाला भाडं कमी करायला तयार असतो. मेच्या शेवटी समुद्र खवळतो, होड्या वर ओढल्या जातात. त्यामुळे आता आमचा खरा सीझन एप्रिलच.

दुसरा बदल कागदांचा. केए पासिंगच्या, म्हणजे कर्नाटकात नोंदलेल्या गाडीला पूर्वी दर फेरीला तात्पुरतं परमिट काढून टॅक्स भरावा लागे. 1 एप्रिल 2021 पासून अखिल भारतीय पर्यटक परवाना ऑनलाइन मिळतो, तीन महिन्यांचा किंवा वर्षाचा. फक्त उन्हाळी फेऱ्या मारणाऱ्याला तीन महिन्यांचा पुरतो.

तारीख मात्र आम्ही पंचांग बघून धरतो. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. ओहोटी दुपारी बाराला. हिशेब ढोबळ आहे, गावागणिक तासभर पुढेमागे होतो, म्हणून पोचल्यावर होडीवाल्याला विचारायचंच. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी. अशा दिवशी चार ते साडेपाच पाणी चढतं असतं. मुलांना तेव्हाच उतरवावं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे चढउतार मोठी, ओहोटीला वाळूची पुळण लांबवर उघडी पडते, क्रिकेटला झकास. पण उतरतं पाणी माणसाला आत ओढतं, त्या वेळी गुडघ्याच्या वर नाही. लाटा फुटतात तिथे मधेच एखादा पट्टा शांत दिसला तर बेळगावचा माणूस हमखास तिथेच उतरतो. पाणी परत आत जायची वाट नेमकी तीच असते. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावं.

घाटात वळणांनी मुलं ओकतात, पोटात तेलकट असलं की जास्तच. पहाटे पाचला निघावं, चिरमुरे आणि केळं द्यावं, पुरी-भाजी सावंतवाडीला. पाणी माणशी रोज तीन लिटर धरायचं, सतरा जणांना वीस लिटरचे तीन जार.

रापण सकाळी लागते. होडीतून जाळं अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. तास-दोन तास सहज जातात. विचारलं तर पाहुण्यांनाही दोराला हात लावू देतात. अंगठ्या काढाव्यात, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये, आणि मासळीचा वाटा मागू नये, ती त्यांची मजुरी.

वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात. पिल्लं साधारण 45 ते 60 दिवसांनी बाहेर येतात, पण नेमका दिवस कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे आम्ही कासवांचं आश्वासन देत नाही. दिसलीच तर टॉर्च आणि फ्लॅश बंद. उजेडाने पिल्लं वाट चुकतात.

गावात सार्वजनिक सत्यनारायण असेल तर रात्री दशावतार असतो. रंगायला उशीर होतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. चटई, चादर घेऊन बसावं, मुलांना दुपारी झोपवून आणावं, नाहीतर खेळातला संकासुर राक्षस येईपर्यंत सगळी गाडी घोरत असते. खाजं तिथेच घ्यावं.

परतताना सुका बांगडा प्रत्येकाला हवा असतो. दुहेरी पिशवीत घट्ट बांधून तो वर कॅरियरवर टाकायचा. डिकीत ठेवला की पुढच्या गिऱ्हाइकाला शिनोळीच्या आधीच कळतं.