नव्या गुडघ्यानं रंकाळ्याची फेरी

उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलं तेव्हा जो तो मला ऑपरेशनच्या दुखण्याबद्दल सांगत होता. नंतरच्या चालण्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही, आणि खरं काम तिथंच असतं. सांधा डॉक्टर बसवून देतात, पण मांडीच्या स्नायूत ताकद आपणच आणायची. वॉकर सुटून हातात काठी आली, जखम पूर्ण भरली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "काकू, घरातल्या घरात फेऱ्या पुरे झाल्या. आता सपाट जागा बघा, आणि दमलात की लगेच बसता येईल असं बघा." आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं. रंकाळा तलाव सोडून दुसरं नाव डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

वेळ मात्र विचार करून निवडावी लागली. संध्याकाळची चौपाटी मला फार आवडते, भेळेच्या गाड्या, भाजलेल्या कणसाचा वास, पळणारी पोरं. पण काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला मागून एखादं पोर नुसतं घासून गेलं तरी तोल जातो. म्हणून सकाळ धरली. सूनबाई सोबत, आणि हे आमच्या पुढं. बागेतल्या हिरवळीवर सुरुवातीला जायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं; गवताखालची जमीन उंचसखल असते आणि पाऊल कुठं पडतंय ते कळत नाही. फरसबंदीच बरी. पायऱ्यांचा नियमही तिथंच अंगवळणी पडला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि काठी त्या पायाबरोबर. उतरताना सूनबाई प्रत्येक पायरीला, "आई, उजवा," असं म्हणायची.

पहिले काही आठवडे मी थोड्याशा अंतरातच घुटमळत होते. चालायचं, बाकावर बसायचं, पाय सरळ ताणून मांडी घट्ट धरायची, सोडायची. घरी हा व्यायाम मला नकोसा व्हायचा. दहापर्यंत आकडे मोजत भिंतीकडं बघण्यात मन कसं रमणार? रंकाळ्यावर मला टिबुकली सापडली. बदकापेक्षा पुष्कळ लहान, तपकिरी, गोलमटोल पक्षी. पाण्यावर तरंगता तरंगता पटकन बुडी मारते आणि भलतीकडंच वर येते. तिनं बुडी मारली की मी पाय ताणायचा आणि ती वर आली की सोडायचा. कधी दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. ती कुठून वर येणार याकडंच सगळं लक्ष, त्यामुळं मांडी थरथरायला लागली तरी मी पाय सोडत नसे. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे बाकीच्या पेशंटनाही सांगते."

मग बाकीचे पक्षीही ओळखीचे झाले. कपाळावर पांढरा पट्टा असलेले काळे वारकरी, केंदाळावरून लांब बोटं टाकत चालणारी जांभळी पाणकोंबडी, पंख पसरून उन्हात बसलेला पाणकावळा. त्याची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून मासे पकडून झाले की ती वाळवत बसावं लागतं. थंडीत काठावर शेपटी हलवत फिरणारे धोबीही दिसले. पुढं काय दिसेल या ओढीनं मी एकेक बाक पुढं सरकत गेले. रंकाळा टॉवर गाठला त्या दिवशी ह्यांनी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं. पुढं तलावातला दगडी संध्यामठ. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि पाणी उतरेल तसा मोकळा होतो. माझं अंतर वाढत होतं त्याच महिन्यांत त्याचे दगडी खांबही अधिकाधिक दिसत होते. आणि एकदाची शालिनी पॅलेसच्या अंगानं पूर्ण फेरी झाली. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला तो काळ्या दगडाचा वाडा मी जन्मभर पाहत आले आहे, पण त्याच्यापाशी चालत पोचल्याचा इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.

पाण्यात उतरण्याबद्दलही सांगायला हवं. गुडघ्याला पाण्यातला व्यायाम चांगला, कारण अंगाचा भार पाणी उचलतं. पण तो स्वच्छ तरणतलावात. रंकाळ्यात सांडपाणी येत आलं आहे. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर केंदाळ आणि शेवाळ माजतं, रात्री पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि कधी कधी मासे मरून वर येतात. हे बघताना पोटात तुटतं. गणपती विसर्जन आता रंकाळ्याऐवजी शेजारच्या इराणी खणीत होतं, हे फार चांगलं झालं. सांडपाण्याचा शेवटचा थेंबही असाच अडवला पाहिजे.

होडीत मात्र मी बसले, मॅडमची परवानगी घेऊन. अडचण बसण्यापेक्षा चढण्या-उतरण्याची. होडीवाल्या दादांनी होडी काठाला घट्ट लावून धरली आणि म्हणाले, "काकू, काठी आधी माझ्याकडं द्या. खांद्यावर हात ठेवा. गडबड करू नका, होडी कुठं जात नाही." खाली उतरायचं म्हणून उजवा पाय आधी. लाइफ जॅकेट घातलं, उंच फळी बघून बसले. बूड फार खाली गेलं तर उठताना गुडघा जास्त वाकवावा लागतो. तुम्ही जाणार असाल तर फळीची उंची आधी बघा, आणि काठ निसरडा असेल तर सरळ परत फिरा. पाण्यातून बघताना, मी बाकाबाकानं सर केलेला तो सगळा काठ एका नजरेत आला. सूनबाईला मी एकेक बाक बोटानं दाखवला.

आता डाव्या गुडघ्याची पाळी आहे. डॉक्टरांनी तारखा विचारल्या तेव्हा मी दिवाळीनंतरची मागितली. पावसाळ्यात फरशी ओली, काठ शेवाळलेला. दिवाळीनंतर केलं तर चालायचे महिने कोरड्या थंडीत येतात, पक्षीही तेव्हाच जास्त. ऑपरेशनआधी मांडीत जितकी ताकद आणाल तितकं नंतर सोपं जातं, असं मॅडम म्हणाल्या. त्यामुळं सध्या बाकावर बसून डावा पाय ताणणं चालू आहे.