कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा नाही ओ!

मी सोलापुरात अशोक चौकाजवळ घरातूनच डबे देते, नऊ वर्षं झाली. दुपारी पंचवीस-तीस डबे आणि संध्याकाळी ऑर्डर असेल तसं. नॉनव्हेज फक्त बुधवार, शुक्रवार, रविवार, कारण सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवारी अर्धं गाव अक्कलकोटला, शनिवारी मारुती, म्हणजे उरलेच किती दिवस सांगा. त्यामुळे बुधवारी माझ्याकडे चिकनची गडबड असतेच.

गेल्या मे महिन्यातला बुधवार. जुळे सोलापूरच्या एक डॉक्टर मॅडम आहेत, जुन्या गिऱ्हाईक, त्यांचा दुपारी एक वाजता मेसेज आला, "आज रात्री 8 ला चिकन बटाटा कॅसरोल, 10 जणांसाठी, मुलगा आलाय." मुलगा अमेरिकेत शिकायला असतो हे मला माहीत होतं. मी काय समजले, तर चिकन-बटाटा रस्सा करायचा आणि तो आपल्या कॅसरोलमधे, म्हणजे पोळ्यांच्या गरम डब्यात भरून पाठवायचा! मला तर कौतुकच वाटलं, किती व्यवस्थित बाई, गरम राहावं म्हणून डबासुद्धा सांगतीय. 1400 रुपये सांगितले आणि लागले कामाला.

2 किलो चिकन आणलं, हळद-मीठ-आलं-लसूण लावून अळणी, म्हणजे तिखट-मसाल्याशिवायचं पातळ पाण्यातलं चिकन, शिजायला टाकलं. खोबरं-कांदा भाजून काळ्या मसाल्याचं वाटण मिक्सरला फिरवून ठेवलं, दीड किलो बटाट्याच्या मोठ्या फोडी करून पाण्यात टाकल्या. सगळं वेळेत. सव्वापाचला मी मोठा कॅसरोल माळ्यावरून काढून घासत होते आणि मॅडमचा फोन, "अहो, चीज जरा सढळ हाताने घाला बरं का, त्याला वरचा थर लाल झालेला आवडतो."

रश्श्यात चीज?

मग मी विचारलं आणि त्या हसायलाच लागल्या. तिकडे म्हणे ज्या खोलगट भांड्यात भाजतात त्यालाही कॅसरोल म्हणतात आणि त्यात भाजलेल्या पदार्थालाही. खाली बटाटा, मधे चिकन, पांढरा सॉस, वर चीज आणि सगळं ओव्हनमधे. ऑफिसातून दमून आलेली माणसं एकाच भांड्यात रात्रीचं जेवण उरकतात, इतका साधा प्रकार. साधा म्हणे! माझ्याकडे पावणेतीन तास आणि एक 28 लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, ज्यात मी दिवाळीला नानकटाई सोडून काही करत नाही.

नाही म्हणणार होते खरं तर. पण अळणीचं झाकण काढलं आणि डोक्यात आलं, अरे मसाला तर अजून पडलाच नाहीय! चिकन नुसतं अळणी आहे, किंचित पिवळं, बस. वाटण जर अर्ध्या तासापूर्वी पडलं असतं तर विषयच संपला होता.

नवऱ्याला पिटाळलं चीजला. 400 ग्रॅम मोझरेला आणि अमूलचे 8 क्यूब, त्यातच माझा नफा गेला, रेट तर रश्श्याचा सांगून बसलेले ना. तोवर मी आणि कामाला येते ती मावशी चिकन हाडावरून सोडवायला बसलो, हात भाजत होते पण थांबायला वेळ कुठे. मावशी म्हणते, "काय ओ ताई, आता हाडं काढून काय करलालाव, दातं नाहीत का त्यांना?"

बटाट्याच्या फोडींचेच पातळ काप केले आणि मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळून घेतले, कारण कच्चा बटाटा त्या घट्ट सॉसमधे लवकर शिजत नाही, वरचं चीज करपेल पण बटाटा कचकच लागेल. मग सॉस. 100 ग्रॅम बटरवर 100 ग्रॅम मैदा मंद आचेवर परतला, रंग बदलू द्यायचा नाही, नुसता कच्चा वास गेला पाहिजे. त्यात 1 लिटर दूध थोडं थोडं घालत घोटत राहिले, एकदम ओतलं की गुठळ्या झाल्याच समजा. आणि पातळ करायला पाण्याऐवजी अर्धा लिटर अळणी घातलं. तिथेच चव फिरली बघा, दूध-मैद्याच्या खळीसारखं लागत होतं ते एकदम जेवण लागायला लागलं. क्यूब किसून घातले ते मात्र गॅस बंद करून, चीज उकळलं की तूप सुटून चोथा होतो हा धडा मी मागे एकदा पास्त्यात घेतलाय. मिरपूड, थोडा ठेचलेला लसूण, एवढंच.

आता वरचा कुरकुरीत थर. मॅडम म्हणाल्या होत्या ब्रेडचा चुरा. ब्रेड नव्हता. पण सोलापुरात घर आणि कडक भाकरी नाही असं होतं का! ज्वारीच्या चार कडक भाकऱ्या हातानेच चुरल्या, अगदी पीठ नाही, जरा भरड, आणि वितळलेलं बटर चोळलं.

भांडी दोन झाली, एक जाऊबाईंची काचेची आणि एक माझा ॲल्युमिनियमचा केकचा डबा. ओटीजीत एका वेळी एकच मावतंय. पहिलं 180 वर 25 मिनिटांत मस्त झालं, कडेने बुडबुडे, वर सोनेरी. दुसरं आत ठेवलं आणि सातला वळवाचं वारं सुटलं, पत्रे वाजले, लाईट गेली. आलीच नाही.

मग मोठं पातेलं, तळाला मीठ, त्यावर रिंग, त्यावर डबा, झाकणाला फडकं बांधलं म्हणजे वाफेचं पाणी चीजवर टपकणार नाही. आम्ही ओव्हन येण्याआधी केक असेच तर करायचो. आतून झालं पण वरून पांढरंफटक. भाकरीचा चुरा तर मी टाकलाच नव्हता, वाफेत मऊ पडला असता. शेवटी चुरा पसरला, भाकरीचा लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवला आणि चिमट्याने धरून दोन बोटं वर, मोबाईलच्या उजेडात, मी धरलेला आणि मावशी खाली वाकून बघतीय "अजून, अजून, बास!" चीज चर्र करून फुगलं आणि डाग पडले, हवे तसे. मनगट भरून आलं होतं.

दोन्ही भांडी टेरी टॉवेलात गुंडाळली (गावात एवढे टॉवेल विणतात, कधीतरी कामी यायलाच हवेत) आणि नवरा पावसात सात रस्ता चौकातून घेऊन गेला. आठ पंचवीस झाले पोचायला.

दहाला मॅडमचा मेसेज, "दोन भांड्यातलं दुसरं वेगळं होतं का? मुलगा खरवडून खातोय. आणि वर काय होतं?" मी लिहिलं, कडक भाकरी. त्यावर नुसत्या हसण्याच्या खुणा, आणि मग 600 रुपये जास्तीचे आले, न मागता.

काळ्या मसाल्याचं वाटण तसंच मिक्सरमधे पडून होतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार, मग भरली वांगी केली त्यात, तीस डब्यांना पुरली.