अरोकापाशी अडलेलं घोडं

'किंग ऑफ ड्रॅगन पास' हा गेम १९९९चा, मोबाइलवर नंतर आला. ग्लोरँथा नावाच्या काल्पनिक जगात आपलं एक कूळ सांभाळायचं, एवढंच काम. कूळ वसवणं, व्यापार, शेजाऱ्यांना भेटी पाठवणं, हे सगळं जमून गेलं. श्रीमंती गुरांवर मोजतात. पेरणी आणि कापणीच्या ऋतूत धाडी घालायच्या नाहीत, कारण लढायला जाणारे बरेचसे शेतकरीच. आमच्या राजापूरकडे आषाढात लावणीला माणसं शोधून दमलेल्याला हे वेगळं शिकवायला नको.

माझं घोडं अडलं ते अरोकापाशी. अरोका म्हणजे पावसाचा देव हेलर याला गिळून बसलेला ड्रॅगन. ऑरलँथ या वादळाच्या देवाने त्याला मारून पाऊस सोडवला, अशी तिथल्या लोकांची कथा. दुष्काळ पडला की आपल्या कुळातला एखादा माणूस ऑरलँथ होऊन तीच कथा पुन्हा जगायला पाठवायचा. पाठवणं सोपं. पण पाठवायचं कोणाला? माणूस ऑरलँथचाच भक्त हवा, लढाईत पक्का हवा. माझ्याकडे तसा एकच, आणि तो म्हातारा. बाकीची पोरं अजून कच्ची. म्हणजे वाट बघा! गेममधली वर्षं भराभर जातात म्हणे. मला तर एकेक ऋतू खायला उठला. बाहेर जुलैचा पाऊस असा की वीज गेलेली, पन्हळीचं पाणी थेट पडवीत, आणि मी मोबाइलमध्ये दुष्काळाने धान्य संपतंय म्हणून कपाळाला हात लावून बसलेलो. आई म्हणाली, "तरवा काढायला ये, त्या रानातला पाऊस मागनं पाड."

त्यात कुळाचं सल्लागार मंडळ! सात जण, आणि कोणी एका बाजूला बोलेल तर शपथ. अगदी आमच्या भावकीची बैठक. प्रत्येकाचा सल्ला त्याच्या स्वभावातून येतो, म्हणून कोण बोलतंय ते आधी बघा. आणि युर्माल या खोडसाळ देवाचा भक्त मंडळात घ्यायचा असेल तर कटकटीची तयारी ठेवा.

पोरांना बसवून ठेवू नका. टेहळणीवर, धाडीवर, शेजाऱ्यांकडे बोलणी करायला धाडत राहा. कामं करूनच ती तयार होतात. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर एवढा जीव आटला नसता. माणूस पाठवण्यापूर्वी ऑरलँथची कथा नीट वाचून पाठ करा, वाटेतले निर्णय तिच्याशी जुळायला हवेत. हो, आणि एक राहिलंच: वर्षाअखेरच्या पवित्र काळात कुळाची जादू वाटताना त्यातली थोडी या मोहिमेकडे वळवा.

शेवटी तयार झालेला एक पोरगा मोहिमेवर गेला, रक्तबंबाळ होऊन का होईना, परत आला. पाऊस पडला. त्याच वर्षी शेजाऱ्यांनी धाड घालून माझी गुरं नेली, तो हिशोब अजून बाकी आहे.