आमची वाटचाल, म्हणजे आठव्या स्टेपची गोष्ट

सुरुवात दोघांनी केली, मी आणि पार्टनर, जवळ एक क्रिम्पिंग टूल, ड्रिल आणि साधा क्लॅम्प मीटर. एपीएफसी पॅनल, म्हणजे पॉवर फॅक्टर (पीएफ) आपोआप सुधारणारे कॅपॅसिटरचे पॅनल, बनवायचे, बसवायचे. पुढची काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते एका गिऱ्हाइकाकडच्या पॅनलबद्दल. ट्रान्सफॉर्मर 1000 केव्हीए, इम्पिडन्स 5 टक्के, आमचा पॅनल 400 केव्हीएआर (कॅपॅसिटरची क्षमता), 50 च्या आठ स्टेप, म्हणजे गरजेप्रमाणे एकेक जोडले जाणारे आठ गट. पीएफ 0.70 चा 0.95 केला होता, म्हणजे त्याच लोडला करंट पाव हिश्श्याने कमी, सगळे खूष. मग त्या गिऱ्हाइकाने मोटरींना ड्राइव्ह (वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावले आणि आमचे कॅपॅसिटर फुगायला लागले. बदलून द्या, परत फुगले. तेवढ्यात एकाने (नाव घेत नाही, वाचत असेल तर कळेल) सगळीकडे पसरवलं की हे डुप्लिकेट माल टाकतात. ऑर्डरी गेल्या, पेमेंट अडकलं, पार्टनर म्हणाला बंद करू, आणि तो खरंच गेला.

वाचवलं तिथल्या मेंटेनन्सच्या काकांनी. त्यांना वहीत टिपायची सवय, मला बोलावून म्हणाले, "बघा, सात स्टेपपर्यंत काही होत नाही, आठवी आली की फ्यूज जातो." अॅनालायझर भाड्याने आणून लावला तर सातवा हार्मोनिक (ड्राइव्हमुळे येणारा, 50 हर्ट्झच्या सातपट फ्रिक्वेन्सीचा करंट) टम्म! गणित सोपं होतं, ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट क्षमता (1000 भागिले 5 टक्के) 20000 केव्हीए, ती भागिले 400, त्याचं वर्गमूळ 7.07. कॅपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर बरोबर सातव्यावर रेझोनन्सला येत होते, म्हणजे तोच करंट फुगवत होते, मालात खोट नव्हतीच. हे आधी मीच करायला हवं होतं, ते मान्य.

7 टक्क्यांचे डीट्यून्ड रिॲक्टर (कॅपॅसिटरला जोडून लावायची, रेझोनन्स हार्मोनिकपासून दूर नेणारी कॉइल) टाकले, ट्यूनिंग 189 हर्ट्झला, पाचव्याच्या 250 च्या बरंच खाली. आणि हो, रिॲक्टरमागे जुने 440 व्होल्टचे कॅपॅसिटर ठेवू नका हो, लाइनच्या 415 व्होल्टचे तिथे साधारण 446 होतात, आम्ही 525 चेच घेतो. क्लॅम्प मीटर पण ट्रू आरएमएसच (वेव्ह वाकडी असली तरी खरा करंट दाखवणारा) घ्या, साधा क्लॅम्प ड्राइव्हच्या इनकमरला सरळ कमी दाखवतो. आणि न्यूट्रलचा करंट मोजता का कधी? सिंगल फेजचा इलेक्ट्रॉनिक लोड जास्त असेल तर तिथे फेजपेक्षा जास्तही सापडू शकतो, तिसरा हार्मोनिक रद्द होत नाही, बेरीज होते.

ते कॅपॅसिटर परत फुगले नाहीत. काका रिटायर झाले, वही मला देऊन गेले. आणि तो डुप्लिकेटवाला आता स्वतःच्या पॅनलवर "7% डीट्यून्ड" असा मोठा स्टिकर लावतो.