गच्चीवरच्या सामाईक कुरडया : माझा अनुभव

शेजाऱ्यांची ओळख वाढावी म्हणून सोसायट्यांमध्ये तंबोला ठेवतात. लोक येतात, खुर्चीत बसतात, नाश्ता करून जातात. माझ्या मते त्यापेक्षा एका घराला एकट्याने झेपणार नाही असं काम काढावं. नाशिकच्या चैत्र-वैशाखात ते हाताशीच असतं : कुरडया.

सहा घरांना ३ किलो लोकवन गहू घेतो. खर्च वाटून घ्यायचा, पण गहू भिजवायचा एकाच घरी. घरोघरी वेगळा भिजवला तर कुणाचा जास्त आंबतो, कुणाचा कमी. गहू तीन दिवस भिजतो आणि इथल्या उन्हाळ्यात पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावं लागतं, नाहीतर कुबट वास धरतो. पहिल्या संध्याकाळपासून चौथ्या सकाळपर्यंत बरोबर सहा पाळ्या होतात, घरटी एक. त्या निमित्ताने प्रत्येकाचं त्या घरी जाणं होतं आणि चहा घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत.

बोलावणं ग्रुपवर टाकू नका, नुसते अंगठे येतात. दार वाजवून नेमकं काही मागा : "काकू, तुमचा पितळी सोऱ्या लागेल, आणि दाबायलाही तुम्हीच या." सोऱ्याबरोबर काकू हमखास येतात.

चौथ्या दिवशी गहू पाणी घालून मिक्सरमध्ये थोडा थोडा वाटायचा, पातळ फडक्यातून पिळायचा. चोथा आणखी दोनदा पाण्यात चोळून पिळला की चीक पुरता निघतो. रात्रभर ठेवला की तो तळाशी बसतो. सकाळी वरचं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं.

खरी परीक्षा शिजवताना. जितका चीक तितकंच पाणी, एकाच भांड्याने मोजून. पाण्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. मीठ हात राखूनच, वाळल्यावर खारटपणा वाढतो. उकळी आली की गॅस मंद करून एकाने चीक बारीक धारेने ओतायचा, दुसऱ्याने लाकडी दांड्याने न थांबता घोटायचा. इथे चार हात नसले तर गुठळ्या ठरलेल्या. मग झाकून पाच-सात मिनिटं वाफ. चीक चकचकीत, पारदर्शक दिसला पाहिजे. पांढरट राहिला तर कच्चा, आणि कच्च्या चिकाच्या कुरडया वाळताना तुटतात, तेलात फुलत नाहीत. हे नजरेने ओळखणाऱ्या आजी प्रत्येक इमारतीत असतात. त्यांना शेगडीशेजारी खुर्ची द्या. गच्चीवर मात्र शिजवू नका, वाऱ्याने आच हलते. वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर मागून घ्या.

एका वेळी चार वाट्याच चीक शिजवावा. गार झाला की घट्ट होतो आणि सोऱ्याचा दांडा हलत नाही. सकाळी सहाला सुरुवात केली तर नऊपर्यंत प्लास्टिकच्या कागदावर सगळ्या पडतात आणि पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं. एक घाणा मुलांसाठी बाजूला : कुणाला दूध-साखर, कुणाला तेल-तिखट. ज्या घरांशी जेमतेम नमस्कार असतो तीही या वेळी वाटी घेऊन वर येतात.

संध्याकाळी उलटायच्या, पुढे दोन दिवस कडक ऊन. कबुतरं हाकलायची पाळी शाळेला सुट्टी लागलेल्या पोरांकडे. अवकाळीचं आभाळ दिसलं की जो घरी असेल त्याने उचलायच्या, म्हणून गच्चीची किल्ली तळमजल्यावर ठेवतो. मोडताना कट्‌ आवाज आला की वाळल्या. ओलसर डब्यात भरल्या तर बुरशी येते.

वाटप नगावर करतो. वजनावर केलं की जाड-बारीकवरून कुरबुर होते. चुरा भाजीला, आणि चोथ्याच्या पापड्या ज्याला हौस असेल त्याने कराव्यात.