होडीच्या तोंडाला वाड्याचं सागवान

कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघतच आम्ही वाढलो, पण त्या वल्ह्यांच्या होड्या. शिडाच्या होडीचं काम माझ्याकडं आणलं मिरजेच्या एका काकांनी. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले. त्यांची जुनी फायबरची होडी रत्नागिरीच्या बाजूला असते. आत केबिन, उतरायला छोटा जिना, आणि त्या तोंडाला दार नाही. दोन्ही बाजूंच्या खाचांत तीन आडव्या फळ्या एकीवर एक वरून सोडायच्या. पेठेतली जुनी दुकानं फळ्या लावून बंद व्हायची, तसंच, फक्त आडवं. माझ्या वडिलांनी तशा कितीतरी फळ्या केल्या होत्या. काकांनी जुन्या फळ्यांचं पोतं सोडलं तेव्हाच काम ओळखीचं वाटलं.

फळ्या मात्र पार गेलेल्या. साध्या प्लायच्या, वरून व्हार्निश चकचकीत, आणि खालच्या कडेचे थर नखानं उचलता येत होते. नव्या बर्मा सागाच्या फळ्यांचा मुंबईहून आलेला भाव ऐकून काका दमले होते. म्हणाले, “मिस्त्री, पुन्हा प्लायच्याच करा. परवडत नाही.”

मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. तोंडाची रुंदी वर २६ इंच, खाली २२, उंची २७, फळीची जाडी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. तिन्ही मिळून पाव घनफुटाच्या थोडं वर लाकूड. घट धरून अर्धा घनफूट धरा. साग कितीही महाग असू दे, अर्ध्या घनफुटानं कोणी बुडत नाही. पैसा जातो मजुरीत, आणि ती प्लायलाही तेवढीच लागते. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय चांगलंच असतं, ७२ तास उकळूनही थर सुटू नयेत अशी त्याची परीक्षा असते. पण एवढ्याशा कामाला आठ बाय चारची अख्खी शीट कोण घेणार?

माझ्याकडं सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्याच्या तुळईचा तुकडा पडून होता. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तो वाडा पाण्यात होता. पुढं उतरवला, तेव्हा ती तुळई मी घेतली. पुरात भिजून पुन्हा वाळलेली, तरी कुठं पीळ नाही की तडा नाही. काकांनी तिच्यावरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, “हे मला देता?” त्या लाकडाला असं काम मिळतंय याचा मला फार आनंद झाला.

वखारवाला खिळ्यांचं लाकूड पात्याला लावू देत नाही. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फिरवून चौकोनी घडीव खिळे एकेक करून उपटले, मग चिरून आणलं. फळी नऊ इंच रुंद आणि तुळई सहाच, म्हणून पट्ट्या जोडाव्या लागल्या. साग तेलकट, त्यावर डिंक नीट धरत नाही. सांध्यावर ॲसिटोन पुसायचं आणि लगेच एपॉक्सी लावून शिकंज्यात आवळायचं.

मापावर विसंबून मी कापत नाही. काकांना होडीवर जाऊन पुठ्ठ्याचा फर्मा काढून आणायला सांगितलं. डावी खाच उजवीपेक्षा दोन सूत जास्त तिरकी निघाली.

खरं काम फळ्यांच्या मधल्या सांध्यात होतं. जुन्या फळ्या सपाट कडेवर कड अशा बसत होत्या, म्हणून पाऊस थेट आत जायचा आणि जाताना कड भिजवायचा. मी वरच्या फळीची खालची कड आतून तीन सूत काढली, खालच्या फळीची वरची कड बाहेरून. आता वरच्या फळीचा ओठ बाहेरून खालचीवर उतरतो. खाली टेकणाऱ्या कडांना बाहेरच्या बाजूला उतार दिला. फळीच्या दोन्ही टोकांना लाकडाचे रेशे उघडे पडतात, पाणी तिथूनच शिरतं. तिथं एपॉक्सीचे तीन हात दिले.

खाचेत सूतभर मोकळीक ठेवली. काकांना ती सैल वाटली. मी म्हटलं, “काका, पावसात लाकूड फुगतं. तुम्ही आत असताना फळी अडकली तर बाहेर कसे येणार?” समुद्रात आयुष्य काढलेला माणूस, पुढं काही बोलले नाहीत. उलट होडी फार कलली तर फळ्या निसटू नयेत म्हणून आतून-बाहेरून उघडणारी खिटी त्यांनीच सुचवली. स्क्रू ३१६ च्या स्टेनलेसचे वापरले. घरातले साधे स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात. घरातलं मेलामाइन पॉलिशही उन्हात टिकत नाही, म्हणून अतिनील किरण अडवणारं व्हार्निश आणवलं. आतल्या बाजूला एक, दोन, तीन असे आकडे पटाशीनं कोरले, दुकानाच्या फळ्यांवर असायचे तसे.

लाकूड, सामान, मजुरी धरून मुंबईच्या भावाच्या निम्म्यातही नाही झालं.

पहिल्या पावसानंतर काकांचा होडीवरूनच फोन आला. पाण्याचा थेंब आत नाही, पण मधली फळी उजवीकडं जराशी घासते, पॉलिश पेपर मारू का? मी म्हटलं, मारा, पण ती पुरती वाळल्यावर, आणि त्याच दिवशी तिथं एपॉक्सीचा हात परत द्या.