आमची वाटचाल: वसईचा रिक्षावाला लिस्बनमध्ये

लिस्बनमध्ये रिक्षा चालवतोय असं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी गप्पच बसली आणि मग म्हणाली, रिक्षाच चालवायची होती तर वसई स्टेशनला काय वाईट होतं. तिचं चुकत नव्हतं. पण खरं सांगतो, इथे टुरिस्ट लोकांना टुकटुकमध्ये बसवून अल्फामा, ग्रासाचे चढ फिरवतात, आणि आम्ही २०१५ ला आलो तेव्हा मला तेवढंच जमण्यासारखं होतं.

आलो ते बायकोमुळे. सासरे म्हापशाचे, गोवा मुक्त व्हायच्या आधी म्हणजे १९६१ च्या आधी जन्मलेले, अशांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. कागद मिळाले, भाषा मात्र कागदाबरोबर मिळत नाही. पहिलं वर्ष मी "बोम दिया" आणि "ओब्रिगादो" वर काढलं.

दोन वर्षं दुसऱ्याची रिक्षा चालवली, मग साठवलेले पैसे आणि थोडं कर्ज घालून टुरिस्टांना फिरवायला नऊ सीटची सेकंडहँड व्हॅन घेतली. नऊच का, तर नऊपर्यंत साध्या कारच्या लायसन्सवर चालते. मी धरून नऊ, म्हणजे पाहुणे आठ. टुरिझम खात्याकडे रजिस्ट्रेशन, अपघाताचा विमा, लायबिलिटीचा विमा, आणि एक तक्रारवही. ही वही इथे प्रत्येक धंद्याला ठेवावीच लागते आणि गिऱ्हाइकाने मागितली की द्यावीच लागते. मला वाटलं होतं कोण मागतंय. पहिल्याच ऑगस्टमध्ये मागितली.

झालं असं की आम्ही पण सगळ्यांसारखीच ट्रिप विकत होतो, एका दिवसात सिंत्रा, पेना राजवाडा, रेगालेराची विहीर, काबो दा रोका, कशकाइश. सिंत्रा लिस्बनपासून जेमतेम तीस किलोमीटर, पण ऑगस्टमध्ये वर डोंगरावर जाणारा अरुंद रस्ता म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीचा मुंबई-गोवा हायवे. पेनाच्या राजवाड्यात आत जायचं तिकीट ठराविक वेळेचं असतं, वेळ गेली की गेली, आणि गेटपासून राजवाड्यापर्यंत परत चढ. आमची वेळ चुकली. आठही जणांचे पैसे परत केले, एका बाईने वहीत पानभर लिहिलं, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या रात्री बायकोने लिस्ट घेतली आणि पेनाखाली रेघ मारून बाकी जवळजवळ सगळं खोडलं. म्हणाली एक राजवाडा नीट दाखव.

तेव्हापासून आम्ही सकाळी लवकर निघतो, पेना पहिल्या स्लॉटला, बाग, जेवण, आणि उतरताना काबो दा रोका. तिथे युरोपची मुख्य जमीन पश्चिमेला संपते, समुद्रापासून साधारण १४० मीटर उंच कडा, आणि वारा असा की टोपी गेली तर अमेरिकेला. फातिमा, नाझारे, ओबिदुश ही तिन्ही गावं एका दिवसात करणारे आहेत, मी करत नाही. सगळा दिवस गाडीत जातो आणि लक्षात फक्त टॉयलेटचे स्टॉप राहतात. याने धंदा कमी झाला का? पहिली दोन वर्षं झाला. मग लोकच लोकांना पाठवायला लागले.

२०२० च्या मार्चमध्ये सगळंच बंद पडलं. गाडी घरासमोर उभी. बायकोने डबे सुरू केले, पोळी, भाजी, डाळ, आणि पाहुण्यांच्या सीटवर मी डबे घेऊन फिरायचो. यावर जास्त लिहीत नाही.

उघडल्यावर मराठी पाहुणे वाढले, बरेचसे लंडन-जर्मनीतली आपली पोरं आणि त्यांना भेटायला आलेले आईवडील. ही माणसं वेगळं बघतात. एका काकूंनी सुपरमार्केटमध्ये भाजीवरच्या पाट्या वाचल्या, बाताता, कोव, अननाश, आणि तिथेच ओरडल्या "अहो हे तर मराठी आहे!" बादली, चावी, परात, घमेलं, पगार, सगळं यांच्याकडूनच आलेलं. आता लिस्बनच्या बेलें भागाची फेरी मी याच शब्दांवरून सुरू करतो. जेरोनिमोसच्या मठात वास्को द गामाची कबर आहे, आणि तो मठ बांधायला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरचा पाच टक्के कर लावला होता, म्हणजे त्यात आपल्याकडचाही पैसा. जवळच्या चौकात खांबावर गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकर्क उभा, आपल्या हापूसचं नाव त्याच्या आफोन्सोवरून आलं म्हणतात. मग मी वसईकर असल्यामुळे चिमाजी अप्पा आणि १७३९ सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि वसईच्या चर्चच्या घंटा आज आपल्या देवळांत वाजतात हेही. एकदा एक पोर्तुगीज आजोबा बाजूला उभे राहून ऐकत होते, त्यांनी शेवटी हात मिळवला. काय कळलं त्यांनाच ठाऊक.

अडचणी आहेतच. पास्टेल द नाता नावाच्या इथल्या पेस्ट्रीत अंड्याचा बलक भरपूर असतो हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर अर्धी खाल्ल्यावर कळतं. कोबीच्या साध्या सूपमध्ये पण सॉसेजची चकती तरंगते. एव्होराला हाडांचं चॅपल आहे, दारावर लिहिलंय की आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट बघतोय, ते वाचून दाखवलं तर नाशिकचे एक आजोबा म्हणाले, सांगा त्यांना, अजून नातीचं लग्न बाकी आहे.

आई गेल्या वर्षी येऊन गेली. गुडघ्यामुळे पेनाला चढली नाही, खाली गाडीत बसून शेंगदाणे खाल्ले आणि दुसऱ्या गाइडच्या पाहुण्यांना पण वाटले.

या सीझनपासून तोमार घेतोय, टेम्पलर म्हणजे जुन्या काळच्या लढवय्या ख्रिस्ती साधूंचा किल्ला आणि मठ, दिवसभर तेवढंच. गाडी दुसरी घेतली आहे, पण हीसुद्धा आठच पाहुण्यांची. आणि बेलें सोमवारी मागू नका, मठ बंद असतो.